ओळख कोणाची

खुब्याचं हाड मोडलेला माणूस मिरजेहून ऑपरेशन करून घरी येतो, तेव्हा त्याला दोन-तीन महिने वॉकर लागतो, कमोडची खुर्ची लागते, आणि दारात पायऱ्या असतील तर थोडे दिवस व्हीलचेअरही लागते. नंतर या सगळ्या वस्तू माळ्यावर जातात. विकत घ्यायच्या तर घराला खर्च, आणि काम झालं की अडगळ. आमचं रुग्णसाहित्य केंद्र या मधल्या दिवसांपुरतं आहे. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची आणि अनामत परत घ्यायची. भाडं नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात हे काम बरीच वर्षं चाललं आहे आणि 2017 पासून मी त्याचा कार्यवाह आहे. पगार नाही, पेट्रोलसुद्धा स्वतःचं.

त्याआधी मी एसटीत कंडक्टर होतो. 58व्या वर्षी निवृत्त झालो आणि महिनाभरात डॉक्टरांचा निरोप आला. डॉक्टर म्हणजे आमच्या गावातले जुने डॉक्टर, संस्थेचे अध्यक्ष. आधीचे कार्यवाह शाळेतले हेडमास्तर, त्यांचे गुडघे गेले आणि केंद्रातला वॉकर त्यांनाच लागला. डॉक्टर म्हणाले, "अरे, तू सगळ्या गाड्यांवर फिरलास. वाडीवस्तीवर तुला ओळखत नाही असं घर नाही. आणि तुझी कॅश कधी कमी पडली नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळं नाही म्हणायला जागा राहिली नाही. वार्षिक सभेत नवा कार्यवाह कोण हा विषय निघाला, सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं, आणि माझं नाव एकमतानं मंजूर झालं.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून खाटा उचलायच्या. पहिलं काम निघालं कागदाचं. आमची संस्था 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडं नोंदलेली आहे. महाराष्ट्रात अशा संस्था गावोगाव आहेत. कार्यकारिणी बदलली की यातल्या दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणं 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मराठीत त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. सभेची नोटीस, ती सदस्यांना पोचल्याच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं, असा तो गठ्ठा. पुष्कळ संस्था इथंच अडकतात. काम चोख असतं, पण दप्तरी विश्वस्त अजून पहिलेच, आणि त्यातले निम्मे देवाघरी.

आमच्याकडंही मागचा एक बदल नोंदवायचा राहिला होता. तो आधी द्यायचा, त्याला उशीर माफ करण्याचा अर्ज जोडायचा, आणि मग आमचा. त्यासाठी वारलेल्या एका विश्वस्तांचा मृत्यूचा दाखला हवा होता. त्यांचा मुलगा गाव सोडून गेलेला, फोन नंबर कुणाकडं नाही. पण तो दर शनिवारी इचलकरंजीहून शेवटच्या गाडीनं यायचा आणि स्टँडपाशी पानाच्या टपरीवर थांबायचा, हे मला माहीत होतं. टपरीवाल्यानं नंबर दिला. दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि मागाहून पोस्टानं प्रतही आली. डॉक्टर म्हणाले ते मला तेव्हा पटलं.

बँकेत वेगळंच. खात्यावरच्या सह्या बदलायच्या म्हणालो, तर काउंटरवर उत्तर मिळालं की चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याचा आदेश आणा. तो यायला वेळ लागतो, आणि तोवर हेडमास्तरांना गुडघे सांभाळत प्रत्येक चेकवर सही करावी लागणार. आतल्या टेबलावर बसणाऱ्या एकाच्या आईला आमची एअर बेडची, म्हणजे पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून घालायची हवेची, गादी गेलेली होती. लोकांना वाटतं, अशा वेळी ओळख म्हणजे नियमाला बगल. तसं काही झालं नाही, आणि मी मागितलंही नाही. त्यानं काय केलं, तर एका चिठ्ठीवर कागदांची यादी लिहून दिली: ठरावाची खरी प्रत, त्यावर अध्यक्षांची सही आणि शिक्का, चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच, नव्या सह्या करणाऱ्यांचं केवायसी, आणि जुन्या दोघांचं ना-हरकत पत्र. "हे सगळं एकदम आणा मास्तर, म्हणजे साहेबांना वर पाठवता येईल." ते वर गेलं आणि मंजूर होऊन आलं. आठ वर्षांत ओळखीचा खरा उपयोग मला बहुतेक वेळा असाच झाला आहे. कोणता कागद, कोणत्या टेबलावर, कुठल्या वेळेला, एवढं सांगणारा माणूस भेटला की अर्धं काम होतं.

(आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळं हेडमास्तर गेले आणि मास्तर आले, असा विनोद वर्षभर चालला.)

जागेची गोष्ट मोठी आहे. केंद्र ज्या खोलीत होतं ती एका बेदाणा व्यापाऱ्याच्या, म्हणजे तात्यांच्या, गोडाऊनची कडेची खोली. तात्यांनी ती फुकट दिलेली, लाइटबिलसुद्धा तेच भरायचे. लेखी काहीच नव्हतं. मी कार्यवाह झाल्यावर ऑडिटरनी विचारलं की जागा कशाच्या आधारावर वापरता. तात्यांकडं गेलो. ते बेदाण्याची प्रत बघत बसले होते, समोर ताटलीत मूठभर बेदाणे, त्यातला एकेक दाणा उजेडात धरून. मी म्हटलं, "तात्या, एक साधं संमतीपत्र द्या." ते म्हणाले, "कागद कशाला? तुम्ही काय खोली घेऊन पळून जाणाराय?" मी म्हटलं, "आम्ही नाही पळणार. पण उद्या तुमचा मुलगा विचारेल, हे कोण लोक, तर त्याला दाखवायला काय?" तात्या हसले, पण राग आल्यासारखे. सही दिली नाही. "बघू," म्हणाले.

इथं मी घाई केली नाही. आमच्या कमिटीत तात्यांच्या साडूंचे भाऊ आहेत. ते दिवाळीला त्यांच्याकडं जातात, तेव्हा त्यांनी विषय काढला, तोही वेगळ्या बाजूनं: संस्थेच्या अहवालात जागा देणाऱ्याचं नाव छापायचं आहे आणि त्यासाठी दोन ओळी हव्यात. तात्यांनी दोन ओळी दिल्या. त्यात एक वाक्य आम्ही घालून घेतलं, की जागा परत हवी असल्यास तीन महिने आधी कळवू.

पुढं तात्यांच्या घरात वाटण्या झाल्या आणि ते गोडाऊन धाकट्या भावाकडं गेलं. त्याला ते पाडून शीतगृह करायचं होतं. तो आला तेव्हा आवाज चढलेलाच होता. मी तात्यांचा कागद काढून दाखवला. तो त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, "तीन महिने म्हणजे मार्चअखेर. चालेल." तात्यांच्या शब्दावर तो गेला नसता, कारण त्या दिवसांत तात्यांशी त्याचं बोलणंच नव्हतं. शब्दावर चालणाऱ्या जागेत संस्था कुणाच्या तरी घरच्या भांडणात अडकते, हे मी नंतर इतर दोन-तीन संस्थांमध्येही बघितलं आहे. आता आम्ही विकास सोसायटीच्या जुन्या गोदामात आहोत, रीतसर लेखी करार आहे, आणि महिन्याला नाममात्र भाडं पावतीनं देतो. तात्या अजून वर्षाला देणगी देतात. धाकटा भाऊही देतो. दोघांच्या पावत्या मी स्वतः वेगवेगळ्या दिवशी नेऊन देतो.

आता मुख्य कामाकडं येतो, म्हणजे वस्तू परत आणण्याकडं. देणं सोपं आहे. नेणारा गरजेत असतो, रिक्षा घेऊनच आलेला असतो. त्याला वॉकरची उंची लावून द्यायची: माणूस सरळ उभा राहिला, हात सोडले, की मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडा वाकतो. चारी पाय एकाच भोकावर आहेत का ते बघायचं. पायाखालची रबरी टोपणं झिजलेली असली तर बदलूनच द्यायची, कारण टाइल्सवर उघडी नळी सरकली तर दुसरा खुबा जातो. कुबडी काखेत रुतवायची नाही, काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं राहिली पाहिजेत आणि भार हातावर यायला हवा. एअर बेडचा पंप चोवीस तास चालू ठेवायचा, एक रांग फुगते तेव्हा दुसरी बसते, तेच त्याचं काम. तरी दर दोन तासांनी पेशंटला कूस बदलून द्यायची ती द्यायचीच. हे सगळं मी डॉक्टरांकडून शिकलो आणि आता तोंडपाठ झालं आहे, स्टॉपची नावं व्हायची तसं.

परत येणं मात्र वेगळं प्रकरण. अनामतीनं वस्तू परत येते असा नव्या माणसाचा समज असतो. फावलर खाटेला, म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडचा भाग वर करता येतो त्या दवाखान्यातल्यासारख्या खाटेला, आमची अनामत हजार रुपये. खाटेची किंमत त्याच्या कितीतरी पट. परत न करणाऱ्याला हजार रुपये गेल्याचं दुःख नसतं, आणि अनामत वाढवली तर ज्याला खरी गरज आहे तोच येत नाही. पैशाचा धाक इथं कामाचा नाही.

आधीच्या वहीत नाव, गाव, फोन, वस्तू, तारीख एवढे रकाने होते. मी एक वाढवला: ओळख कोणाची. वस्तू न्यायला येणाऱ्यानं गावातल्या एका माणसाचं नाव सांगायचं, आणि ते नाव त्या माणसाला फोन करून मग लिहायचं. जामीन नाही, सही नाही, काही नाही. "अमक्यांच्या ओळखीनं खाट दिली आहे बरं का," एवढं कळवायचं. बहुतेकांना बरं वाटतं. आणि वस्तू अडकली की घरच्यांना फोन करायचाच नाही, त्या ओळखीच्या माणसाला करायचा. तो दूध घालायला जाताना सहज दारात थांबतो, "झालं का काम? पुढं एकाला पायजे आहे म्हणं," आणि खाट संध्याकाळी येते. मी फोन केला असता तर तगादा वाटला असता.

नियम एक आहे, तो मी कुणालाही मोडू देत नाही. पेशंट वारला असेल तर दिवसकार्य होईपर्यंत कुणीही फोन करायचा नाही, ओळख देणाऱ्यालाही नाही. पुष्कळ वेळा त्या आधीच खाट आमच्या दारात येऊन पडते. शेजारचे पोरं टेम्पोत घालून आणतात, कारण घरच्यांना ती डोळ्यांसमोर नको असते. कधी उलटं होतं. एका वस्तीवर म्हातारे गेले आणि खाट चार महिने आली नाही. मी गेलो तर काकू त्याच खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. डोक्याकडचा भाग हँडल फिरवून थोडा वर केलेला, पाठीला टेकू मिळेल इतका. म्हणाल्या, "मास्तर, ह्यावर पाठ दुखत न्हाई बघा." खाट उचलली असती तर त्यांना खाली सतरंजीवर बसावं लागलं असतं. मी शेंगा खाल्ल्या, चहा घेतला, आणि त्यांच्या मुलीला सांगलीला फोन केला. तिनं आईसाठी साधा पलंग पाठवला, त्याच टेम्पोत आमची खाट परत. हजार रुपये काकूंना परत द्यायला काढले तर म्हणाल्या, ठेवा संस्थेला. मी म्हटलं, आधी हातात घ्या, अनामत परत मिळाल्याची सही करा, मग देणगीची पावती करतो. त्यांना ही नसती उठाठेव वाटली. पण अनामत हे संस्थेवरचं देणं आणि देणगी हे उत्पन्न. कुणाची अनामत परस्पर देणगीत वळवली की वर्षअखेर ताळेबंद जुळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातला दुसरा मुलगा अनामत मागायला येतो.

सगळ्यात वैताग पोटभाड्याचा. भाडं नसतं, पण दुसरा शब्द सापडत नाही. वॉकर आम्ही एकाला दिला, त्याचं काम झालं, त्यानं तो मेव्हण्याच्या आईला दिला, तिथून तो जावयाच्या गावी गेला. एकदा असा एक वॉकर शोधत शोधत मी जत तालुक्यातल्या एका वस्तीपर्यंत फोनवर पोचलो. पलीकडची बाई म्हणाली, "ह्यो व्हय? आमास्नी तर भावानं दिला." तिचं वय ऐंशीच्या पुढं, ती त्याच्या आधारानं परसाकडं जात होती. मी डॉक्टरांना विचारलं, काय करू. ते म्हणाले, वही काढ, तिचं नाव लिही, ओळख म्हणून भावाचं लिही. म्हणजे आमच्या तालुक्याबाहेर आमची एक शाखा झाली.

दुरुस्तीचं सांगायचं तर थोडक्यात. व्हीलचेअरचं पंक्चर आणि बेअरिंग सायकलवाला करतो, खाटेची जोडं वेल्डिंगवाला, आणि पैसे घेत नाही म्हणून दोघांकडं मी सारखा जात नाही. वर्षातून एकदा सगळं साचवून नेतो आणि मजुरीचं बिल आग्रहानं घेतो. फुकट काम करणाऱ्याचं काम रांगेत शेवटी लागतं. बिल दिलं की गिऱ्हाईक म्हणून आपली पाळी ठरते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमचं गाव उंचावर, त्यामुळं नदीकाठच्या गावांतली माणसं इकडच्या शाळा-मंगल कार्यालयांत आली. चालता न येणारे म्हातारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरत होते. त्या दिवसांत अनामत नाही आणि रकाने नाहीत, फक्त ट्रॅक्टरवाल्याचं नाव लिहून खुर्च्या दिल्या. बहुतेक परत आल्या. त्यांच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये पुराचा बारीक गाळ असा बसला होता की चाक फिरवलं की करकरायचं. सायकलवाल्यानं ते रॉकेलमध्ये भिजत ठेवून एकेक साफ केलं.

पुराच्या वेळी सगळे एका बाजूला होते. 2021च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तसं राहिलं नाही. आमच्याकडं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मोजके होते आणि मागणारे अख्खा तालुका. ज्यांना मी तीस वर्षं नावानिशी ओळखतो ते रात्री दारात उभे. हे यंत्र हवेतलाच ऑक्सिजन घेतं. हवेत तो 21 टक्के असतो, यंत्र नायट्रोजन बाजूला काढून 90 टक्क्यांच्या वर नेतं, पण मिनिटाला पाच लिटरच देतं. ज्याला पंधरा लिटर लागतात त्याला ते घरी नेऊन दिलं तर आपण मदत केल्याचं समाधान मिळतं आणि पेशंटचा दवाखान्यात पोचायचा वेळ जातो. डॉक्टरांनी ठरवून टाकलं: दवाखान्यातून घरी सोडलेला, अजून एक-दोन लिटर लागणारा पेशंट पहिला, आणि चिठ्ठीशिवाय यंत्र हलणार नाही. निर्णय त्यांनी स्वतःकडं घेतला. मला सांगितलं, "तू फक्त म्हण, डॉक्टर नाही म्हणाले." त्यांना गावात शिव्या बसल्या. माझी सगळ्यांशी असलेली ओळख शाबूत राहावी म्हणून त्यांनी त्या अंगावर घेतल्या हे मला तेव्हाही कळत होतं.

गावातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला, की एक मशीन घरी आणून ठेवा, कुणाला काही नाही पण असावं. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यानं डॉक्टरांना फोन केला नाही, पण दरवर्षीची देणगी बंद केली. अजून बंदच आहे. त्यानंतर त्याच्या चुलत्याला कमोडची खुर्ची लागली, ती मी त्याच दिवशी दिली, ओळखीच्या रकान्यात त्याचंच नाव घातलं, आणि रीतीप्रमाणं त्याला फोन केला. "बरं," म्हणाला.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडं मोठी देणगी नसते. आईवडिलांच्या स्मरणार्थ कुणी खाट देतो, कुणी दिवसकार्याचा खर्च कमी करून काही देतो, गणपती मंडळ उरलेल्या वर्गणीतून चार वॉकर घेऊन देतं. पाकिटातून रोख आणून टेबलावर ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना समजवायला जरा वेळ लागतो. दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकरातली 80जीची सूट त्यांना मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. पॅन द्या, कारण दर 31 मेपर्यंत देणगीदारांची यादी 10बीडी फॉर्मवर भरावी लागते आणि मग त्यांचं प्रमाणपत्र निघतं. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, म्हणून अलीकडं बरेच जण म्हणतात, "मास्तर, पॅन-बिन राहू द्या, पावती नाही दिली तरी चालेल." पावती दिल्याशिवाय मी पाच रुपये घेत नाही. एसटीत चेकिंगचा स्क्वॉड कुठल्याही स्टॉपवर चढायचा आणि पिशवीतली रक्कम वे-बिलाशी, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, जुळवून बघायचा. ती सवय जात नाही, आणि जाऊही नये.

एकच देणगी नाकारली तिची बोच आहे. गावचाच मुलगा, शाळेत असताना पास काढून माझ्या गाडीनं जायचा, आता अमेरिकेत. त्याला मोटरवर चालणाऱ्या दोन खाटा द्यायच्या होत्या. पासपोर्ट कुठला विचारलं तर म्हणाला, आता तिकडचा. भारतीय पासपोर्ट असता तर परदेशात कमावलेला स्वतःचा पैसा त्याला बँकेमार्फत आम्हाला देता आला असता. परदेशी नागरिक झाला की, मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि तिला एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, जी आमच्यासारख्या लहान संस्थेकडं नाही. त्याला वाईट वाटलं. "मी गावचा नाही का मास्तर?" म्हणाला. भावाच्या नावानं पाठवतो असंही म्हणाला, त्यालाही मी नको म्हटलं. सुट्टीला आला तेव्हा त्याला गोदामात नेलं. दुपारभर त्यानं जुन्या खाटांना रंग दिला, निळा, सगळ्यांना एकच.

सध्या कमिटीत अनामतीवरून जुंपली आहे. खाटेची किंमत वाढली, तेव्हा अनामत पाच हजार करा असं निम्म्या लोकांचं म्हणणं. मी विरोधात आहे आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं आहे. त्यांचाही मुद्दा खोटा नाही: नवीन वसाहतीत बाहेरून आलेली बिऱ्हाडं आहेत, त्यांना गावात ओळख देणारं कुणी नाही, मग त्यांनी रकान्यात काय लिहायचं? मी म्हणतो, त्यांच्यासाठी मेडिकल दुकानदार किंवा त्यांना तपासणारा डॉक्टर चालेल. ते म्हणतात, उद्या तो मेडिकलवाला प्रत्येक गिऱ्हाइकाची ओळख द्यायला लागेल. पुढच्या सभेत मतदान होईल असं दिसतं.

आणि एक बदल ठरला आहे. मेडिकलमध्ये काम करणारी एक मुलगी, डी. फार्म झालेली, गेलं वर्षभर रविवारी येते. वही तिनं मोबाइलवर घेतली, पण कागदाचीही चालू ठेवली. तिच्या आजीला आमचा वॉकर गेला होता, त्यातून ती आली. तिला सहकार्यवाह करायचं एकमतानं झालं. चेंज रिपोर्टसाठी तिचं संमतीपत्र घेतलं आहे, फोटो आणि पॅनकार्डाची झेरॉक्स तेवढी यायची आहे.